त्र्याऐंशी अंश पूर्व

२२ डिसेंबर २००५. पहाटे ४ वाजून ३ मिनिटांनी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, कुरू इथून, आरियान-५ रॉकेट उडालं. त्यात आपला इन्सॅट-४ए होता आणि सोबत युरोपचा एक हवामान उपग्रह. अर्ध्या तासात रॉकेटचं काम संपलं, उपग्रह सुटे झाले, टाळ्या वाजल्या. सकाळी बार्शीहून आईचा फोन आला. "पोचला ना गं तुमचा उपग्रह? बातम्यांत सांगितलं आत्ता."

"नाही आई," मी म्हटलं, "आत्ता कुठं निघालाय."

तिला ते पटलं नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. आपल्याकडे उपग्रह म्हटलं की रॉकेट, धूर, उलटी मोजणी एवढंच दाखवतात. उड्डाण हा देखणा भाग आहे, लोकांनी तो बघावा, त्याचा अभिमान बाळगावा. पण रॉकेट उपग्रहाला वाटेत सोडून देतं, आणि तिथून त्याला त्याच्या जागी न्यायचं काम दिवसरात्र शिफ्टमध्ये बसलेली माणसं करतात, हे कुणीच सांगत नाही. मला ते मनापासून खटकतं. मी त्या माणसांपैकी एक होते, म्हणून नुसतं नाही. उपग्रह खऱ्या अर्थानं उपग्रह होतो तो याच दिवसांत, म्हणून.

कर्नाटकातल्या हासन गावाबाहेर इस्रोचं मास्टर कंट्रोल फॅसिलिटी आहे. आम्ही सगळे एमसीएफच म्हणतो. बेलूर-हळेबीड बघायला जाणारे कितीतरी मराठी पर्यटक या गावावरून जातात. लाल मातीच्या माळावर उभ्या असलेल्या पांढऱ्या अँटेना लांबून दिसल्या तर दिसतात. इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची देखभाल १९८२ सालापासून इथून चालते. माझं काम ऑर्बिट डिटर्मिनेशनचं. उपग्रह या क्षणी नेमका कुठे आहे आणि उद्या कुठे असेल, हे आकड्यांवरून ठरवायचं. उपग्रह डोळ्यांनी दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही. अँटेना कुठल्या कोनात वळली आहे, आपण पाठवलेला संकेत उपग्रहाकडून परत यायला किती वेळ लागला, आणि येणाऱ्या लहरींची वारंवारता किती सरकली, या तीनच गोष्टी हातात असतात. त्यांवरून बाकी सगळं काढायचं.

रॉकेटनं सोडलं तेव्हा उपग्रहाची कक्षा लांबट होती. एका टोकाला तो पृथ्वीपासून काही शे किलोमीटरवर यायचा, दुसऱ्या टोकाला छत्तीस हजारांच्या आसपास जायचा. अशा कक्षेत एक फेरी व्हायला साधारण साडेदहा तास लागतात. जवळून जाताना वेग इतका की आमची ११ मीटर व्यासाची अँटेना मोटारींचा घरघराट करत त्याच्या मागे धावते. लांबच्या टोकाला तोच उपग्रह इतका सावकाश सरकतो की अँटेना थांबली आहे असं वाटावं. हासनहून तो दिसेनासा झाला की दुसऱ्या देशांतली केंद्रं त्याच्यावर नजर ठेवतात. इटलीतलं फुचिनो, कॅनडातलं लेक कॉविचन, चीनमधलं बीजिंग ही नावं आमच्या कानांवर अशा मोहिमांमध्ये सतत पडायची. व्हॉइस लूपवर, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या बोलण्याच्या लाइनवर, वेगवेगळ्या उच्चारांतलं इंग्रजी ऐकू यायचं. या माणसांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखत होतो.

इन्सॅट-४एचं उड्डाणाच्या वेळचं वजन ३०८१ किलो. त्यातला कोरडा उपग्रह, म्हणजे इंधन सोडून बाकी सगळं, १३८६ किलो. निम्म्याहून जास्त वजन इंधनाचं. त्यातला मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांतच जाळायचा असतो, लांबट कक्षा गोल करण्यासाठी. त्यासाठी उपग्रहावर ४४० न्यूटन ढकल देणारं इंजिन असतं, लिक्विड अपोजी मोटर, आमची 'लॅम'. ४४० न्यूटन म्हणजे जमिनीवर पंचेचाळीस किलोचं पोतं उचलायला लागेल तेवढा जोर. तीन टनांच्या वस्तूला तो अगदीच थोडा, म्हणून लॅम बराच वेळ पेटती ठेवावी लागते, आणि तेही एका दमात नाही. उपग्रह लांबच्या टोकाला येतो तेव्हाच ती पेटवायची, आणि शक्य तर ते टोक हासनहून दिसत असतानाच.

लॅम पेटली की हॉलमध्ये काही हलत नाही. स्क्रीनवर टाक्यांचे दाब, तापमानं, उपग्रहाची दिशा यांचे आकडे दर सेकंदाला बदलत असतात. माझ्या स्क्रीनवर वारंवारतेची रेषा असते. फायरिंगआधी आम्ही एक अपेक्षित रेषा काढून ठेवलेली असते, तिच्यावर खरी रेषा बसते की नाही हे बघायचं. ती बसत गेली की जीव हळूहळू खाली येतो. शेवटी लूपवर 'लॅम कट-ऑफ' असं येतं. या क्षणी कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण आपण कुठे पोचलो हे अजून कुणालाच माहीत नसतं. इंजिन ठरल्या वेळी बंद झालं म्हणजे कक्षा ठरल्यासारखी झाली, असं गृहीत धरता येत नाही. पुढे काही तास रेंजिंग घ्यायचं, म्हणजे संकेत पाठवून अंतर मोजत राहायचं, नवी कक्षा काढायची, आणि ती हाती आल्यावरच पुढच्या फायरिंगचं गणित मांडायचं. ते काही तास आमच्या गटाचे. बाकीचे जेवायला जातात, येतात, दारात उभे राहून विचारतात, "आलं का?" नाताळचे दिवस होते. हासनच्या चर्चमध्ये रोषणाई होती असं मागाहून कळलं.

आमच्यातले जुने लोक अशा वेळी इन्सॅट-१एची आठवण काढायचे. १० एप्रिल १९८२ला तो उपग्रह गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला हातचा गेला. त्याचं सौर शीड उघडलंच नव्हतं, पुढे पृथ्वीकडची दिशा सुटली आणि ती परत मिळवण्याच्या धडपडीत इंधन संपलं. पुढचा इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३मध्ये चॅलेंजर अंतराळयानातून गेला, तर त्याचा सौर पंखा अडकून बसला. तो उघडायला सप्टेंबर उजाडला. त्याच इन्सॅट-१बीमुळे आमच्या भागात, म्हणजे दिल्ली-मुंबईपासून लांब राहणाऱ्यांच्या घरात, दूरदर्शन आलं. लहानपणी ज्या टीव्हीसमोर आम्ही गल्लीतली सगळी पोरं बसायचो, त्यामागे हासनमधल्या कुणाच्या तरी झोप न झालेल्या रात्री होत्या. हे कळलं तेव्हा मी स्वतः त्याच हॉलमध्ये बसत होते. त्या माणसांना मी तेव्हापासून फार मानते.

म्हणून सौर पंखे उघडण्याची वेळ आली की माझे हात गार पडायचे, ते काम माझं नसतानाही. कक्षा गोल होईपर्यंत पंखे घडी करून उपग्रहाच्या अंगाला बांधलेले असतात. फक्त सगळ्यात बाहेरच्या पट्टीवर ऊन पडतं आणि तेवढ्या विजेवर भागवायचं. मग कमांड जाते. वरून काही आवाज येत नाही, चित्र येत नाही. टेलिमेट्रीच्या, म्हणजे उपग्रह स्वतःविषयी पाठवतो त्या आकड्यांच्या, रकान्यात एका ओळीतला शून्य बदलून एक होतो, मग दुसऱ्या ओळीतला. त्यानंतर विजेच्या प्रवाहाचा आकडा चढायला लागतो, आणि तो चढला तरच खरं. त्या दिवशी आकडा चढत असताना शेजारच्या कन्सोलवरच्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसते हाताची घडी घालून बसले. पंखे, मग अँटेनाच्या दोन्ही वाट्या, मग पृथ्वीकडे तोंड करून स्थिर होणं. हे सगळं पार पडलं की उपग्रह उपग्रहासारखा दिसतो. म्हणजे दिसला असता तर दिसला असता.

आता खरा माझा भाग. लॅमचं काम संपल्यावर कक्षा जवळजवळ गोल असते, पण उपग्रह आपल्या जागेवर नसतो. विषुववृत्तावर ८३ अंश पूर्व रेखांश ही त्याची जागा ठरलेली होती. त्या जागेच्या आसपास कुठेतरी तो असतो आणि रोज थोडाथोडा सरकत असतो. या सरकण्याला आम्ही ड्रिफ्ट म्हणतो. ड्रिफ्ट मुद्दामच ठेवलेला असतो, कारण तोच त्याला जागेवर नेणार. गणित सोपं आणि सुंदर आहे. ठरल्या उंचीपेक्षा कक्षा ७८ किलोमीटर खाली असेल तर उपग्रह दिवसाला साधारण एक अंश पूर्वेकडे सरकतो. तेवढीच वर असेल तर तेवढाच पश्चिमेकडे. याचा अर्थ पूर्वेला जायचं असेल तर पुढे ढकलून चालत नाही, उलट वेग थोडा मारायचा. मग तो खाली उतरतो, खालची फेरी लवकर पुरी होते, आणि तो पुढे निघतो. मी हे पुस्तकात शिकले होते. पण स्क्रीनवर उपग्रहाला मागे खेचल्यावर तो पुढे जाताना पहिल्यांदा पाहिला, त्या दिवशीचा आनंद काही वेगळाच.

ड्रिफ्टमध्ये उपग्रह एकटा नसतो. त्या वर्तुळात इतर देशांचे, कंपन्यांचे उपग्रह आपापल्या जागी काम करत असतात आणि आपला त्यांच्या समोरून जात असतो. म्हणून टीव्हीचे ट्रान्सपाँडर, म्हणजे कार्यक्रमांचे संकेत घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं, या काळात बंद ठेवायचे. आपल्यामुळे दुसऱ्याच्या कार्यक्रमात खरखर येता कामा नये. वाटेतल्यांना आधी कळवायचं. ही शिस्त मला फार आवडायची.

जागा जवळ येत गेली की वेग कमी करत आणायचा. छोटे थ्रस्टर काही सेकंद किंवा काही मिनिटं चालवायचे, थांबायचं, मोजायचं, परत चालवायचे. इथे एक अडचण येते, आणि बाहेरच्या माणसाला ती उलटी वाटते. उपग्रह वेगानं हलत असतो तेव्हा त्याची कक्षा काढणं सोपं असतं. अंतर बदलतं, वारंवारता बदलते, अँटेना फिरते, प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो. तो स्थिर होत जातो तसे आकडे गप्प होत जातात. हासनहून ८३ अंशावरचा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला, साडेबहात्तर अंशांच्या उंचीवर, सुमारे ३६ हजार किलोमीटर लांब दिसतो. संकेत जाऊन यायला सेकंदाच्या एक चतुर्थांशापेक्षा किंचित कमी वेळ लागतो. अंतर जवळजवळ तेच, कोनातला फरक दशांशचिन्हानंतरच्या आकड्यात. तेवढ्या फरकातून तो पूर्वेला चाललाय की पश्चिमेला हे ओळखायचं. म्हणून एक-दोन तासांच्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही. पूर्ण एक दिवस घ्यावा, पृथ्वीची एक फेरी होऊ द्यावी, मग बोलावं. एकाच ठिकाणाहून मोजण्यापेक्षा लांबच्या दोन ठिकाणांहून मोजलं तर उत्तर जास्त पक्कं येतं; भोपाळचं दुसरं एमसीएफ त्याच वर्षी सुरू झालं याचं आमच्या गटाला म्हणूनच कोण अप्रूप होतं.

घाई करणाऱ्याचं इथं काम नाही. वरून विचारणा होते, वर्तमानपत्रं विचारतात, घरचे विचारतात. आईचा तर एक दिवसाआड फोन. "आज कुठवर आला?" मी तिला अंश सांगायची. ती ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची, दुधाच्या हिशेबाशेजारी.

८३ अंशावर जागा मोकळी नव्हती. इन्सॅट-२ई १९९९पासून आणि इन्सॅट-३बी २०००पासून तिथेच होते. नव्याला त्यांच्यासोबत राहायचं होतं. प्रत्येक बाजूला ०.१ अंश एवढी त्यांची हद्द, आमच्या भाषेत पेटी. ऐकायला छोटी, पण त्या उंचीवर एक अंश म्हणजे ७३६ किलोमीटर, म्हणजे सगळी पेटी पूर्व-पश्चिम १४७ किलोमीटर रुंद. त्यात तीन उपग्रह. ते एकमेकांजवळ येऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या कक्षेचा कल आणि तिचा लांबटपणा जरासा वेगळा ठेवायचा. मग दिवसभरात ते एकमेकांभोवती फेर धरतात, कुणी वर तेव्हा कुणी बाजूला, पण भेट होत नाही. नवा उपग्रह पेटीच्या कडेशी आला तेव्हा आम्ही तिघांच्या कक्षा पुढच्या कित्येक दिवसांसाठी चालवून पाहिल्या, सर्वांत जवळचं अंतर कधी आणि किती येतं याचा तक्ता केला, आणि तो तक्ता दुसऱ्या एका सहकाऱ्यानं स्वतंत्रपणे करून ताडून पाहिला. कमांडही नेमक्या त्याच उपग्रहानं ऐकावी, शेजाऱ्यानं नाही, यासाठी प्रत्येकाला वेगळी ओळख असते. ती ओळख कमांडपूर्वी एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं परत वाचायची. रात्री दोन वाजता ही वाचावाच ऐकणाऱ्याला मंत्रासारखी वाटेल. आमच्यासाठी तो नियम होता आणि तो कुणी कधी मोडला नाही.

नववर्षाच्या सुमाराचे ते दिवस. एका सकाळी चोवीस तासांच्या मोजमापांतून आलेली कक्षा समोर आली. रेखांश पेटीच्या आत, ड्रिफ्ट नगण्य. सरांनी कागद हातात घेतला, खालून वर आणि वरून खाली वाचला आणि म्हणाले, "हीगे इरली." असंच राहू दे. बस्स. कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी मैसूरपाक आला. मी आईला फोन केला. तिनं पलीकडून शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं: "अहो, पोचला हो!"

पण तो 'तसाच' राहत नाही, हेच तर आमच्या नोकरीचं कारण. पृथ्वी विषुववृत्तावर अगदी गोल नाही, तिथेही ती किंचित दबलेली-फुगलेली आहे. त्यामुळे त्या वर्तुळात दोन जागा अशा आहेत की आसपासचे उपग्रह त्यांच्याकडे ओढले जातात. त्यातली एक ७५ अंश पूर्वेजवळ. नकाशा काढून बघितलं तर ती रेखा जळगाव, छत्रपती संभाजीनगर, पंढरपूर यांच्या जरा पश्चिमेकडून, आपल्या महाराष्ट्राच्या मधून खाली जाते. परातीत सोडलेली गोटी जशी तळाकडे घरंगळते, परत चढते, परत येते, तसे इंधन संपलेले जुने उपग्रह त्या जागेच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं हेलकावत असतात. ८३ अंशावरचा आमचा उपग्रहही सदैव पश्चिमेकडे, तिकडेच कललेला. दर काही आठवड्यांनी त्याला पूर्वेकडे अलगद ढकलायचं. तो पेटीच्या पूर्व कडेपर्यंत जातो, मंदावतो, वळतो, सावकाश पश्चिम कडेला येतो, की परत ढकलायचं. शिवाय सूर्य-चंद्र त्याची कक्षा विषुववृत्तापासून तिरकी करत असतात, आणि ती सरळ ठेवायलाच सगळ्यात जास्त इंधन लागतं. या आकाराच्या उपग्रहाला वर्षाला साधारण तीस किलो.

म्हणून जागेवर पोचताना वाचवलेला प्रत्येक किलो मोलाचा. दोन-अडीच किलो म्हणजे एक महिन्याची सेवा. कोट्यवधी घरांतला एक महिना. रॉकेटनं जितकं अचूक सोडलं, लॅम जितकी नेमकी चालली, ड्रिफ्ट थांबवताना आम्ही जितक्या कमी वेळा चुळबुळलो, तितकं शेवटी टाकीत उरतं. उपग्रहाचं आयुष्य बारा वर्षं असं कागदावर लिहिलेलं असतं, पण ते खरं किती होणार याचा बराचसा निकाल या पहिल्या पंधरवड्यात लागतो. मला या कामाविषयी जे सांगायचं होतं, ते हे.

पुढे ट्रान्सपाँडरच्या चाचण्या झाल्या. इन्सॅट-४एवर कू बँडचे १२ ट्रान्सपाँडर होते, प्रत्येकाचा अॅम्प्लिफायर १४० वॉटचा. तेवढ्या ताकदीनं छत्तीस हजार किलोमीटरवरून निघालेला संकेत घराच्या गच्चीवरच्या छोट्याशा डिशमध्ये चित्र उमटवायचा, आणि तेही अख्ख्या देशात एकाच वेळी. चाचण्यांत उपग्रहाला जरा कलतं-तिरकं करून कुठल्या भागात किती ताकद पोचते हे मोजतात. माझा त्यात हात नव्हता, पण पहिल्यांदा रंगीत पट्ट्यांचं चित्र स्वच्छ आलं तेव्हा आमचा सगळा गट ते बघायला धावला होता. ऑगस्ट २००६मध्ये टाटा स्कायची सेवा याच उपग्रहावरून सुरू झाली.

त्या दिवाळीला बार्शीला गेले तर आमच्या आळीत दोन-तीन गच्च्यांवर डिश आलेल्या होत्या. शेजारी एक मुलगा बसवत होता. कंबरेला मीटर, हातात पाना, एका गुडघ्यावर बसून तो डिश केसभर हलवायचा आणि मीटरकडे बघायचा. मी कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ बघत होते. त्यानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं पण लावायचीय का?"

"लावू की. पण मला सांगा, एकदा नट आवळला की परत कधी हलवावी लागते?"

"छे! वाऱ्यानं हलली, माकडानं हलवली तरच. नाहीतर वर्षानुवर्षं तशीच. वरचा उपग्रह हलतच नाही ना."

मी त्याला म्हटलं, तो हलतो. मग पाच-दहा मिनिटं पेटी, पश्चिमेची ओढ, दर काही आठवड्यांचा धक्का, सगळं सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवून ऐकलं आणि चांगला प्रश्न विचारला: धक्का द्यायला एखादे दिवशी उशीर झाला तर माझी डिश बाद होईल का? मी म्हटलं, एका दिवसानं नाही, तुमच्या डिशची नजर पेटीपेक्षा कितीतरी रुंद आहे. पण आम्ही विसरलोच, तर काही महिन्यांनी या आळीतल्या सगळ्या डिशचे नट परत सैल करावे लागतील. "अख्ख्या देशातले," तो म्हणाला. हो, अख्ख्या देशातले.

पुढचा धक्का रजा संपायच्या आधीच होता. वेळ, थ्रस्टरचे सेकंद, लागणारे ग्रॅम सगळं काढून सहकाऱ्याकडे देऊन आले होते, तरी संध्याकाळी हासनला फोन केला. झालं होतं. उद्याचा पूर्ण दिवस रेंजिंग घेऊन मग कळवतो, असं तो म्हणाला.